जेवायला सात मिनिटं

माणसाला खूळ लागायला फार मोठं कारण लागत नाही. काटेवाल्याला ते लागलं एका बदलीमुळे, आणि बदली तरी त्याची कुठे, बायकोची.

काटेवाला म्हणजे वजनकाट्यांच्या कारखान्यात काटे जुळवणारा. नवा काटा त्याच्यापुढे यायचा, तो त्यावर प्रमाणाची वजनं ठेवायचा, स्क्रू केसभर फिरवायचा आणि काटा बरोबर शून्यावर आणून पुढे ढकलायचा. तीस वर्षं हेच. कुठलीही वस्तू नुसती हातात घेऊन तो तिचं वजन सांगे, आणि पाच ग्रॅमच्या वर कधी चुकत नसे. त्याची बायको समोरच्या पंख्याच्या कारखान्यात, वाऱ्याच्या खोलीत. तयार झालेला पंखा लावायचा, समोर मोजायचं यंत्र धरायचं आणि वारा किती येतो ते लिहायचं. एकाचं आयुष्य वजनात गेलं, दुसरीचं वाऱ्यात. जगात मोजण्यासारखं जे काही आहे ते आपल्याच खात्यात, असं दोघांनाही मनापासून वाटे.

एक वाजला की दोन्ही कारखान्यांचे भोंगे एकदम व्हायचे, आणि पंख्याच्या कारखान्याच्या फाटकाशी बाकावर बसून दोघं एका डब्यातून जेवायची. आता तुम्ही म्हणाल, नवराबायको एकत्र जेवली यात काय एवढं? तर घरी आई होती, दादा-वहिनी होते, दादाची तीन मुलं होती आणि चार दिवसांसाठी येऊन नऊ वर्षं राहिलेली आत्या होती. बायकोला ‘पाणी दे’ म्हटलं तरी चौघं ऐकणार आणि आत्या त्यावर मत देणार. त्यामुळे बावीस वर्षांचा संसार जो काही झाला, तो एक ते दोन या वेळात झाला. रुसवे तिथेच, समजूतही तिथेच.

आणि पंख्याचा कारखाना उचलून टेकडीवर गेला. मालकाला वर ऐसपैस जागा मिळाली होती. कामगारांना सकाळी नेणारी आणि संध्याकाळी आणणारी बस होती, दुपारी मात्र काही नाही. अंतर सात किलोमीटर. त्यातले पाच उघड्या माळावरून, सपाट, पण समोरून वारा असा की डोळे उघडे ठेवायची सोय नाही. उरलेले दोन सरळ चढ. मोटारसायकल घे, असं ज्याने त्याने सुचवलं. पण इंजिनाच्या थरथरीने हाताचा अंदाज बिघडतो हे काटेवाल्याचं ठाम मत, आणि हात बिघडला की नोकरीवर पाणी. तेव्हा तो विषयच नको.

पहिला आठवडा त्याने डबा एकट्याने खाल्ला. शनिवारी त्याच्या लक्षात आलं की आठवड्यात आपण बायकोशी सहा वाक्यं बोललो आणि त्यातली दोन आत्याला दिलेली उत्तरं होती. हे असंच चाललं तर निवृत्त होईपर्यंत आपण या बाईला ओळखेनासे होऊ, असं वाटून तो उठला आणि तडक सायकलच्या दुकानात गेला.

सायकलवाला तसा सज्जन माणूस, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय तो कुणालाही सोडत नसे. क्लाइंबिंग की एरो? म्हणजे चढाची हवी की वाऱ्याची? चढाची सायकल एका बोटावर उचलता येई. तिच्यात जे नसलं तरी चालेल ते काहीच नव्हतं. वाऱ्याच्या सायकलीच्या नळ्या सुरीच्या पात्यासारख्या चपट्या, चाकं खोल कडांची. वजन थोडं जास्त, पण सपाटीवर वारा तिला अडवायला जाई आणि हात चोळत बसे. दोन्ही गुण एकीत मिळणार नाहीत का, असं काटेवाल्याने भीत भीत विचारलं. सायकलवाला म्हणाला की मिळतील, पण मग धड एकही मिळणार नाही. शेवटी त्याने दोन्ही सायकली पंधरा दिवस वापरून बघायला दिल्या. सोळाव्या दिवशी एक परत, हा शब्द.

सोमवारी काटेवाला चढाच्या सायकलवरून गेला, मंगळवारी वाऱ्याच्या. चढाची टेकडीवर दोन मिनिटं वाचवी आणि माळावर ती दोन मिनिटं वाऱ्याला देऊन टाकी. वाऱ्याची माळावर दोन मिनिटं कमवी आणि चढावर दोन्ही घालवी. जाणं-येणं वजा जाता एका तासातली सात मिनिटं उरत. दोन्ही सायकलींवर सातच. त्यातली तीन त्याला धाप लागलेली असे, उरलेल्या चारांत तोंडात घास. बायको वर फाटकाशी पदराने त्याला वारा घालत उभी राही आणि घड्याळ बघे. बोलणं व्हायचं ते तेवढंच, कुठली सायकल ठेवायची.

कारण यावर दोघांचं एकमत होईना. तो म्हणे वजन. वजन खोटं बोलत नाही, ते काट्यावर दिसतं. ती म्हणे, वजन टेकडीवर पंधरा मिनिटं त्रास देतं, वारा कारखान्याच्या फाटकापासून देतो. बोलाचाली घरापर्यंत पोचली आणि घराचे दोन तट पडले. आई, दादा आणि थोरला मुलगा वजनाच्या बाजूला, वहिनी आणि धाकटी दोघं वाऱ्याच्या. आत्या सकाळी एका बाजूला असे आणि संध्याकाळी दुसऱ्या, त्यामुळे बहुमत कधी झालंच नाही.

मग काटेवाल्याच्या अंगात आलं. सायकल नंतर ठरवू, आधी बाकीचं हलकं करू, म्हणून त्याने चमच्याचे दांडे कापले. शर्टाची खालची तीन बटणं काढली. डब्याच्या झाकणाला भोकं पाडली. भाजीत पाणी नको, पाणी म्हणजे निव्वळ वजन, असं त्याने वहिनीला बजावलं, तेव्हा वहिनीने पळीच त्याच्या हातात दिली. मिशी काढून त्याने ती कारखान्यातल्या नाजूक काट्यावर ठेवली. दोन ग्रॅमसुद्धा भरली नाही. तीस वर्षं ज्या मिशीला पीळ दिला तिची ही किंमत बघून त्याला वाईट वाटलं, पण काढलेली मिशी परत लावता येत नाही.

बायको तरी कुठे मागे राहणार? रविवारी तिने पहारेकऱ्याच्या हातापाया पडून वाऱ्याची खोली उघडून घेतली, नवऱ्याला सायकलसकट सगळ्यात मोठ्या पंख्यासमोर बसवलं आणि त्याच्या अंगावर जागोजागी लोकरीचे धागे चिकटवले. धागा सरळ मागे उडाला तर ठीक, फडफडला तर तिथे वारा अडतो. धागे फडफडले तीन ठिकाणी. कानांवर, पोटावर आणि पाठीला बांधलेल्या डब्यावर. कान तिने चिकटपट्टीने डोक्याला चिकटवले. पोटाबद्दल ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. डब्याऐवजी मात्र तिने पंखा छताला टांगायची लांब दांडी आणली, आतून पोकळ, आणि जेवण त्यात भरायचं ठरवलं. एका टोकाने भरायचं, दुसऱ्या टोकाने काठीने ढकलून बाहेर काढायचं. काटेवाल्याने दांडी हातात घेतली आणि डब्यापेक्षा तीनशे चाळीस ग्रॅम जास्त, असं सांगून खाली ठेवली. त्यावरून पुन्हा दोन दिवस अबोला.

एवढा आटापिटा करून सात मिनिटांची नऊ झाली. दोन्ही सायकलींवर नऊच.

पंधरावा दिवस उजाडला. उद्या एक सायकल परत द्यायची आणि अजून कशाचाच पत्ता नाही. काटेवाला सकाळभर काटे जुळवत होता, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून एक काटा शून्याच्या जरा अलीकडे राहिला आणि तो तसाच पुढे गेला. एकाला पाच कमी असताना त्याने शेवटचा उपाय म्हणून स्वतःजवळचं सगळं काट्यावर मांडलं. घड्याळ, किल्ल्या, रुमाल, डबा. सगळ्यात जड कोण ते शेंबडं पोरही सांगेल. डबा भरला दोन किलो शंभर, शिवाय पाठीवर वारा अडवणारा तोच. डबा नसेल तर जाऊन-येऊन दोन मिनिटं वाचतात, म्हणजे जेवायला अकरा मिळतात. अकरा मिनिटं! त्याला इतका आनंद झाला की भोंगा होताच त्याने डबा काट्यावरच सोडला, समोर आली ती चढाची सायकल घेतली आणि सुटला.

माळ कधी मागे पडला ते कळलंच नाही. चढावर पाय भरून आले नाहीत. फाटकाशी उतरला तेव्हा घड्याळात बरोबर अकरा मिनिटं शिल्लक. त्याने विजयी चेहऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्या पाठीकडे पाहिलं.

“डबा?” तिने विचारलं.

डबा नाही म्हणूनच तर अकरा मिनिटं, हे तो सांगायला लागला आणि अर्ध्यात थांबला. आपण काय बोलतोय ते आपल्याच कानांनी ऐकलं की माणसाचं असं होतं. जेवायला वेळ मिळावा म्हणून त्याने जेवणच मागे ठेवलं होतं. बायको आता तोंड सोडणार असं त्याला वाटलं. ती हसली. हसता हसता भिंतीला टेकली आणि मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं.

दोघं पायरीवर बसली. तोंडात घास नाही, आणि उतरताना ब्रेक दाबत गेला तरी वेळेत पोचेल, इतका वेळ हातात. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलायला तोंड मोकळं होतं आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

“पायथ्यापर्यंत मी आले असते,” ती म्हणाली.

काटेवाल्याने वळून पाहिलं. तो म्हणाला, ती कशी येणार.

“सायकलवरून. तुम्ही माळ पार करायचा, मी टेकडी उतरायची. पहिल्या दिवसापासून माझ्या मनात आहे.”

काटेवाल्याचं डोकं आपोआप हिशेबाला लागलं. माळ जायला अठरा, यायला बारा. तिला उतार पाच मिनिटांचा, आणि चढताना लागतील वीस-पंचवीस, उतरून ढकलत नेली तरी. दोघांच्याही तासातून अर्धा तास सुटतो. अर्धा तास! आणि आपण मिशी काढली. त्याने कपाळावर हात मारला आणि मग तिच्यावरच घसरला. एवढं सुचलं होतं तर बोलायला काय झालं होतं?

“बावीस वर्षं तुम्हीच रस्ता ओलांडून आलात,” ती म्हणाली. “एकदा तरी मला म्हणालात, आज तू ये? मला वाटलं, यायचं ते तुम्हीच, असं तुमच्या मनात असेल. मग मी वारा मोजत बसले.”

तिला दहा पावलंसुद्धा चालायला लागू नयेत म्हणून काटेवाला रोज भोंगा होताच धावत यायचा. त्याला वाटे, यालाच प्रेम म्हणतात. तिकडे ती बावीस वर्षं बाकावर बसून बोलावणं येण्याची वाट बघत होती, हे त्याला कुठल्या काट्यावर दिसणार? त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिचा हात हातात घेतला, आणि त्याचं वजन किती हे त्याच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघंही अर्ध्या दिवसाची रजा टाकून सायकलवाल्याकडे गेली. सायकलवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला. काटेवाल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि बायकोला म्हणाला, “तुला कुठली हवी?”

टेकडी तिच्या बाजूला, तेव्हा चढाची तिने घेतली. माळ त्याच्या बाजूला, म्हणून वाऱ्याची त्याला आली. आयुष्यभर वजनाची बाजू घेतलेल्या माणसाच्या पदरात वारा पडला आणि वाऱ्यावर घर चालवणाऱ्या बाईच्या पदरात वजन. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोन्हींचे पैसे मोजले. सायकलवाला तेवढा चपापला. सोळाव्या दिवशी एक परत यायची ठरली होती, ती आलीच नव्हती.

तिची सायकल पुढच्या सकाळी कामगारांच्या बसच्या टपावर चढली. त्याची दारात टेकून ठेवलेली. वहिनीने पाणीदार भाजी करून डबा काठोकाठ भरला, झाकणाच्या भोकांवर फडकं बांधलं आणि ओट्यावर ठेवला. काटेवाला तो उचलायला गेला तर बायकोचा हात त्यावर आधीच होता. टेकडीवर एवढं ओझं कुठे नेतेस, तो म्हणाला. माळावर वारा अडेल तुमचा, ती म्हणाली. आई, दादा, वहिनी, तिन्ही मुलं आणि आत्या बघायला उभी राहिली, खाली बस भोंगा वाजवत होती, आणि दोघंही डबा सोडायला तयार नव्हती.