रिकामा घरी येणारा डबा

मित्रांनो, आर्डिसच्या स्वयंपाकघरात ओट्याखालचे कपाट उघडलेत, तर सगळ्यांत खाली, पातेल्यांच्या आणि चाळण्यांच्या ओझ्याखाली एक पसरट डबा दिसेल. तो मी. अंगाने अॅल्युमिनियमचा, एका कोपऱ्यात चेपलेला, वर सरकते झाकण असलेला. माझ्यात केक भाजतात, वड्या भाजतात आणि झाकण सरकवून तशाच दुसरीकडे नेतात. निदान पूर्वी नेत असत. आता मला कोणी बाहेर काढत नाही, आणि काढू नये असेच मलाही वाटते. तुम्हाला एखादी गमतीची गोष्ट हवी असेल, पण माझ्यापाशी आहे ती हीच.

माझा जन्म एका मोठ्या सरोवराकाठच्या कारखान्यात झाला. पत्र्याच्या थंड तावावर यंत्राचा ठोसा बसला आणि मला पोट मिळाले. दुकानातून मी आहेर म्हणून आलो, अमेरिकेत मिनेसोटातल्या एका शेतावर, आर्डिस आणि सेल्मर यांच्या लग्नात. सेल्मरच्या गोठ्यात दुभत्या गाई होत्या. घरचे लोणी, घरची साय, घरचीच अंडी. आर्डिस माझ्या तळाला बोटभर लोणी फासायची तेव्हा मला न्हाऊमाखू घातल्यासारखे वाटायचे.

रविवारी प्रार्थना संपली की गावातले सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला जमत. बायका आपापले डबे ओळीने मांडत. कुणाचा डबा आधी संपतो याकडे प्रत्येकीचे लक्ष असे, पण तसे दाखवायचे नसे. मी बहुतेक वेळा पहिला रिकामा होई. शेवटच्या वडीची तेवढी पंचाईत व्हायची. आमच्याकडे शेवटची वडी उचलणे म्हणजे हावरटपणा. मग कोणीतरी तिचा अर्धा भाग कापून घ्यायचे, दुसरे कोणी उरलेल्या अर्ध्याचा अर्धा. नखाएवढा तुकडा उरला की आर्डिस तो स्वतःच्या तोंडात टाकून मला काखोटीला मारायची. रिकामा डबा घेऊन घरी जाणे हाच आमच्याकडचा मान. तोंडावर कोणी कुणाची स्तुती करत नाही.

निंदाही करत नाही. एखादा पदार्थ फसला तर इथली माणसे म्हणतात, "वेगळं आहे हं." आणि कॉफीचा घोट घेतात. या एका वाक्याने माझ्या घराचे काय झाले, ते आता ऐका.

सेल्मरचे गुडघे गेले तेव्हा त्याने गाई विकल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेडमध्ये त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी त्याला वाचवले आणि बजावून सांगितले की हृदय थकले आहे, रक्तात साखर वाढली आहे. लोणी नको, साय नको, अंडी नकोत, साखर तर मुळीच नको. ज्याने जन्मभर गाईंच्या जिवावर घर चालवले आणि ज्याला गोडाशिवाय कॉफी म्हणजे शिक्षा वाटे, त्या सेल्मरला हे ऐकावे लागले.

घरी येताच आर्डिस म्हणाली, "तू गोड खाशील, सेल्मर. रोज खाशील. पण ते मळ्यातून येईल, गोठ्यातून नाही."

"मळ्यात केक उगवतात हे मला माहीत नव्हतं," सेल्मर म्हणाला.

"उगवतील. जरा दम धर."

आणि ती कामाला लागली. काकडीसारखी दिसणारी झुकिनी किसून घातली तर केक चिखलासारखा ओला झाला. मग ती किसाला मीठ लावून, फडक्यात बांधून पिळू लागली. लोण्याऐवजी उकडलेल्या लाल भोपळ्याचा गर, अंड्याऐवजी भिजवलेल्या जवसाचा बुळबुळीत गोळा, साखरेऐवजी वाटलेला खजूर. माझ्या तळाला आता लोण्याऐवजी कागद लागला. एकदा तर माझ्यातून अशी वीट निघाली की सेल्मरने ती दाराला टेकण म्हणून मागितली. आर्डिस हसून हसून खुर्चीत बसली. तो आमच्या घरातला चांगला दिवस होता. सेल्मर जे खरे वाटले ते बोलला होता आणि वीट पुन्हा कधी झाली नाही.

शेवटी तिला बीट सापडले. भाज्यांत सगळ्यांत गोड तेच, असा तिचा हिशेब. बीट उकडून, वाटून, त्यात खजूर आणि जवाचे पीठ घालून ती वड्या भाजू लागली. बाहेरून तपकिरी, आत लाल. दिसायला सुरेख, फुगून हलक्या. फक्त त्यांना मातीचा वास होता. पावसातल्या मातीचा नव्हे, तळघरात महिनोन्महिने पडून राहिलेल्या ओलसर मातीचा.

हा वास आर्डिसला येत नव्हता. त्याआधीच्या हिवाळ्यात तापाने तिचे नाक गेले होते, आणि नाकाबरोबर अर्धी जीभही. तिने हे लपवले नव्हते. पहिली वडी सेल्मरपुढे ठेवून ती टेबलाशी उभी राहिली.

"वेगळी आहे," सेल्मर म्हणाला.

"वेगळी म्हणजे? बरी की वाईट?"

"वाईट नाही."

"माझ्या नाकाचं तुला माहीत आहे. मला तुझ्याच जिभेवर चालायचंय रे. खरं सांग."

"सांगितलं की. वाईट नाही."

त्याने कॉफीच्या घोटाघोटाबरोबर ती वडी संपवली. मित्रांनो, त्याचे तिच्यावर प्रेम नव्हते असे समजू नका. तिची किसून किसून लाल झालेली बोटे त्याला समोर दिसत होती.

चर्चमध्येही तेच झाले. लाव्हॉन ही आर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण. तिने तुकडा तोंडात घेतला, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "अगं, किती पौष्टिक लागतं." उरलेली वडी रुमालात गुंडाळून तिने पर्समध्ये टाकली. आर्डिस निघाली तेव्हा माझे पोट अर्धेअधिक भरलेले होते. ती वाटेत म्हणाली, "आपल्या गावाला सवय व्हायला वेळ लागेल." आणि सेल्मरला सुचवले, "उद्यापासून तू डबा पेंडीच्या दुकानात नेत जा. तिथे तुझे मित्र असतात. पुरुष उघड बोलतात."

पेंडीच्या दुकानात सकाळी म्हातारे शेतकरी स्टोव्हभोवती बसत. लाव्हॉनचा नवरा ऑर्व्हिल तिथे रोज साखरेत घोळलेले डोनट घेऊन येई. मला उघडून त्याने आत पाहिले.

"हे काय, बीट? आम्ही हे गुरांना घालतो."

"गुरंसुद्धा नाक मुरडतील," सेल्मर म्हणाला. "कुत्र्याला देऊन बघ."

दुकानाच्या कुत्र्याने हुंगले आणि ते स्टोव्हमागे जाऊन झोपले. सगळे हसले. ऑर्व्हिलने डोनट पुढे केला आणि सेल्मरने घेतला.

"तिला सांगून टाक ना," ऑर्व्हिल म्हणाला.

"कसं सांगू? माझ्यासाठी अर्धा दिवस राबते ती. तू सांगशील लाव्हॉनला?"

"मी? मला जगायचंय अजून."

परतताना, घराच्या अलीकडच्या वळणावर सेल्मरने गाडी थांबवली. झाकण सरकवले, मला उपडे केले आणि साऱ्या वड्या रस्त्याकडेच्या चरात, बर्फावर ओतल्या. बाहीने माझे पोट पुसले. आणि मी रिकामा घरी आलो.

आर्डिसने मला हातात घेतले, आत पाहिले, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला त्या क्षणी फुटून जावेसे वाटले. पण पत्रा फुटत नाही. "सगळ्या संपल्या?" तिने विचारले. "सगळ्या," सेल्मर म्हणाला. ज्या रिकामेपणाचा मी जन्मभर अभिमान बाळगला, तोच आता खोटी साक्ष देत होता, आणि मला बोलता येत नव्हते.

हे रोजचे झाले. ती आनंदाने भाजायची, तो गुपचूप ओतायचा, आणि दुकानात एकाचे दोन डोनट होत. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. आर्डिस बिचारी बुचकळ्यात पडली. "तू तर माझंच खातोस. म्हणजे खजूर जास्त होतोय," असे म्हणून तिने खजूर निम्म्यावर आणला. वड्या आणखी मातकट झाल्या, चरात आणखी भर पडली. तिची माया जितकी वाढत होती, तितका तो तिच्या हातातून निसटत होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सेल्मरने दुकानापुढे गाडी थांबवली, पण तो उतरलाच नाही. बसल्या जागीच त्याचे हृदय थांबले. मी त्याच्या शेजारच्या सीटवर होतो, भरलेला, अजून कोमट. चेहरा पांढरा पडलेल्या ऑर्व्हिलने सगळी धावाधाव केली आणि दुपारी मला घरी पोचवायला घेतले. त्याच वळणावर तो थांबला, आणि त्यानेही मला उपडे केले. मग आर्डिसच्या हातात मला देऊन, खाली बघत म्हणाला, "आजच्याही आवडीनं खाल्ल्या त्यानं."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला तिचे सांत्वन करायचे होते.

मार्चअखेरीस बर्फ वितळू लागले. बर्फ लोटणाऱ्या गाडीने हिवाळाभर चरावर ढीग रचले होते. ते खचले, आणि खालून लाल पाणी वाहू लागले. टपालपेटीकडे चाललेली आर्डिस वळणावर थांबली. चरभर वड्या होत्या. काही पाखरांनी टोचलेल्या, बाकीच्या गोठून जशाच्या तशा, तिच्या सुरीने कापलेल्या चौकोनी. ती एक वडी घेऊन घरी आली, ती माझ्यात ठेवली आणि लाव्हॉनला बोलावून घेतले.

"काय होतं यात?" तिने विचारले.

लाव्हॉनने कोटही काढला नव्हता. "आर्डिस, आता कशाला..."

"ऑर्व्हिल म्हणाला होता, आवडीनं खाल्ल्या."

लाव्हॉन खुर्चीत बसली. कोटाची बटणे सोडत म्हणाली, "मातीचा वास यायचा गं. पहिल्या दिवसापासून. बाकी काही नाही. पोत छान होता, गोडीही बेतशीर होती. फक्त माती."

"माती?"

"हो."

आर्डिस रडली नाही. ती हळूच म्हणाली, "मातीचा वास काय, चमचाभर व्हिनेगरनं जातो. माझी आई बिटाच्या लोणच्यात घालायची. एवढंच होतं?"

दुसऱ्या दिवशी आर्डिसने बीट उकडले, खजूर पहिल्याइतका घेतला आणि वाटणात व्हिनेगरचा चमचा ओतला. मी भट्टीत तापलो. वड्या आतून अधिकच लाल आल्या, आणि मित्रांनो, माती नव्हती. लाव्हॉनने एक वडी खाल्ली. मग न विचारता दुसरी उचलली. ती अर्धी खाऊन तिच्या लक्षात आले की आपण काय करतो आहोत, आणि तिने ती तशीच बशीत ठेवली.

"चांगली आहे?" आर्डिसने विचारले.

"फार चांगली आहे," लाव्हॉन म्हणाली.

आर्डिसने माझे झाकण सरकवले. त्यानंतर तिने माझ्यात काही भाजले नाही.

मला घासूनपुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पत्रा पुष्कळ टिकतो. पण तुमच्या घरात जो कोणी तुमच्यासाठी किसतो, वाटतो, ढवळतो आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, त्याला खरे सांगा. मायेने सांगा, हसत सांगा, पण ताट पुढे असतानाच सांगा. सेल्मरच्या जिवाला एक चमचा कमी पडला, आणि तो चमचा हाताशीच होता.