मागे घेतलेला लेख आणि मी

मित्रांनो, एका पत्राला वेळेवर उत्तर गेले नाही. ते पत्र अजून माझ्या पोटात आहे. इतकी वर्षे ते एकाच जागी पडून राहिले की त्याची पिवळी सावली माझ्या तेविसाव्या पानावर उमटली आहे. मी एक जुना अंक आहे. उंच पठारावरच्या ओरुरो गावातल्या डॉक्टरांच्या सभेचे 'पठारावरील वैद्यक' नावाचे एक छोटे त्रैमासिक होते, त्याचा. माझ्यातला एक लेख चुकीचा निघाला. तेव्हापासून मला माझ्या कुठल्याच वाक्याची खात्री वाटत नाही. म्हणून मी सांगतो तेही तुम्ही जरा तपासूनच घ्या.

माझा जन्म कास्तो नावाच्या मुद्रकाच्या छापखान्यात झाला. थंडी अशी होती की शाई आधी शेगडीजवळ ठेवून सैल करावी लागली. कास्तोने खिळे जुळवले, पाने छापली, त्याच्या बायकोने टाके घातले. माझी भावंडे गठ्ठ्यांनी बांधून बसच्या टपांवरून दूरदूरच्या खाणवस्त्यांकडे गेली. मी मात्र गावातच राहिलो. मी संपादकांची प्रत.

संपादक डॉ. आन्सेल्मो उर्कुयो फार लाजाळू होते. बोलताना ते समोरच्याच्या बुटांकडे पाहत. पुस्तकांशी मात्र मोठ्याने वाद घालीत. एक वाक्य लिहीत, खोडत, पुन्हा तेच लिहीत. त्यांचा जवळचा माणूस एकच, डॉ. रेमिहिओ चोके. रेमिहिओंच्या मुलीला, नेल्वाला, बाप्तिस्म्याच्या वेळी आन्सेल्मोंनी हातांवर घेतले होते. त्यामुळे हे दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत, आणि नेल्वा आन्सेल्मोंना पद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणे. आमच्याकडे हे नाते सख्ख्या भावापेक्षा घट्ट मानतात.

तो लेख रेमिहिओंचाच होता. खेड्यांतल्या आरोग्यकेंद्रांना चिमटे, कात्र्या, सुया निर्जंतुक करायला महागडे यंत्र परवडत नाही. रेमिहिओंनी लिहिले की घरातला प्रेशर कुकर पंधरा मिनिटे चालवला तरी पुरे. सोबत एक सुबक तक्ता होता. त्या तक्त्याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू! लोकांनी तो उतरवून केंद्रांच्या भिंतींवर चिकटवला. इतर मासिकांनी त्याचा दाखला दिला. लेखाचे नाव दुसरीकडे कुठे छापून आले की आन्सेल्मो मला उघडून ते पान अंगठ्याने हळूच कुरवाळीत. मी फुगून जाई.

चूक कशी झाली तेही सांगतो. लेखाच्या आधीच्या हिवाळ्यात रेमिहिओंची छाती धरली होती, म्हणून ते खाली कोचाबांबाच्या खोऱ्यात सासुरवाडीला जाऊन राहिले. हात रिकामे कसे ठेवायचे? त्यांनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरातच प्रयोग उरकला. सगळे जंतू मेले. घरी परतल्यावर त्यांनी लेख लिहिला, आणि तो लिहिला वरच्या लोकांसाठी. पण वर आमच्याकडे हवा विरळ. इथे पाणी उकळते, पण तेवढे तापत नाही. कुकरचेही तसेच. झडप फुसफुसते, आणि आतली उष्णता मात्र खोऱ्यातल्यापेक्षा कमीच राहते. पुढे एका हिवाळ्यात त्यांनी तोच प्रयोग ओरुरोत करून पाहिला, तेव्हा जंतू वाढतात का ते पाहायच्या काही नळ्या गढूळ झाल्या. जंतू जिवंत होते.

त्याच आठवड्यात पत्र आले. "कोंपाद्रे, माझा लेख मागे घे. दुरुस्ती छापू नकोस. दुरुस्ती चुकलेल्या आकड्याची करतात. इथे सगळा निष्कर्षच चुकला आहे. तो मागेच घ्यायला हवा, आणि का घेतला तेही लिही. लोक माझ्या भरवशावर माणसांना टाके घालताहेत."

आन्सेल्मोंनी ते पत्र वाचले, आणि लेख जिथे सुरू होतो तिथे माझ्या पोटात ठेवले. मग ते उत्तर लिहायला बसले. त्रैमासिकाने आजवर एकही लेख मागे घेतला नव्हता. लोक काय म्हणतील? सभेचे अध्यक्ष काय म्हणतील? एवढ्या कौतुकाचा लेख, आपणच तपासून छापलेला! कागदावर कागद टोपलीत गेले. "उद्या लिहू," असे ते मला म्हणाले, म्हणजे मला तरी तसे ऐकू आले. आणि तो हिवाळा सरायच्या आत रेमिहिओ गेले. छातीनेच घात केला.

आता तर उत्तर द्यायला माणूसच उरला नाही. मेलेल्या माणसाची चूक चव्हाट्यावर कशी मांडायची? आन्सेल्मोंना तिथे एक आडोसा मिळाला, आणि ते त्यात लपून बसले.

मित्रांनो, चुकीच्या पानाला झोप लागत नाही. दूर कुठेतरी कुणी त्या तक्त्यावर बोट ठेवून कुकर चुलीवर चढवी, आणि इथे कपाटात माझी पाने थरथरत. मला तरी तसे वाटे. मी मनात ओरडे, अरे, थांबा! पण छापलेल्या पानाला छापले आहे तेवढेच बोलता येते. जो उघडेल त्याला माझे तेविसावे पान तेच सांगे: पंधरा मिनिटे पुरे.

आमच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी बारा वाजता मेलेली माणसे घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जातात. घरोघरी त्यांच्यासाठी टेबल मांडतात. माणसाच्या आकाराचे पाव, चढण्या-उतरण्यासाठी पावाचीच शिडी, कांद्याची हिरवी रोपे, त्यांच्या आवडीचे जेवण. असे तीन वर्षे करतात. तिसऱ्या वर्षी आत्म्याला कायमचा निरोप देतात. पहिल्या वर्षी आन्सेल्मो मला घेऊन चोक्यांच्या घरी गेले आणि मला टेबलावर, रेमिहिओंच्या फोटोजवळ ठेवले. बाराचे ठोके पडले. दार बंद होते, खिडकीही बंद होती. तरी माझी पाने एकेक करून उलटू लागली आणि तेविसाव्या पानावर येऊन थांबली. पत्र उघडे पडले. मला कुणाचाही स्पर्श जाणवला नाही, फक्त गार वाटले. कदाचित माझे टाके सैल झाले असतील. आन्सेल्मो पांढरेफटक पडले. त्यांनी मला मिटले, कोटाखाली घेतले, आणि जेवायलाही न थांबता घर गाठले. दुसऱ्या वर्षी ते गेलेच नाहीत.

तिसऱ्या वर्षी टेबल मांडायच्या आधीच नेल्वा आमच्या घरी आली. ती शाळेत शिकवत असे, आणि तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा होता.

"पद्रिनो, चहा-बिहा नको. बसा."

"अगं, हे माझं घर आहे," आन्सेल्मो तिच्या बुटांकडे पाहत म्हणाले.

"म्हणूनच म्हणते, बसा. हे वाचा." तिने एक पाकीट पुढे केले. "बाबांच्या नावानं आलंय. खाणीवरच्या दवाखान्यातून."

पत्रात लिहिले होते: 'आपला अंक वापरून वापरून फाटला, कृपया दुसरा पाठवावा. आणि एक शंका आहे. आम्ही कुकर नेमका पंधरा मिनिटे चालवतो, तरी बाळंतिणींचे टाके चिघळतात. आमचे काय चुकते?'

माझा तो फाटलेला भाऊ! आणि त्या बायका. त्या जखमा आमच्यामुळे चिघळल्या की आणखी कशाने, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. हेच मला आजपर्यंत पोखरत आहे.

"आमचं काय चुकतं म्हणे!" नेल्वा म्हणाली. "मेलेल्या माणसाला अजून पत्रं येतात, आणि जिवंत माणसाकडून एक उत्तर येत नाही. बाबांनी मला सांगितलं होतं, मी कोंपाद्रेला लिहिलंय म्हणून. शेवटपर्यंत विचारायचे, टपाल आलं का? आईला अजून स्वप्न पडतं. ते टेबलाशी येतात, जेवत नाहीत, नुसते टपाल आलं का विचारतात. यंदा तिसरं वर्ष. असंच उपाशी पाठवायचं का त्यांना?"

"त्याची बदनामी होईल गं."

"लिहायला त्यांना लाज वाटली नाही, छापायला तुम्हाला वाटते?"

आन्सेल्मो हळूच म्हणाले, "शेवटच्या पानावर एक ओळ टाकली तर? छोटीशी दुरुस्ती..."

"एका ओळीनं कुकर जास्त तापणार आहे का, पद्रिनो?"

त्यावर ते हसले. खूप दिवसांनी हसले, आणि हसता हसताच रडू लागले. नेल्वाने शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "रडा, पण लिहीत लिहीत रडा. वेळ थोडा आहे."

त्यांनी निवेदन लिहिले. कोणता लेख, तो का मागे घेतला, प्रयोग खोऱ्यात झाला होता, पठारावर ही पद्धत वापरू नये. चूक प्रामाणिक होती, आणि ती लेखकाने स्वतःच शोधून तत्काळ कळवली होती. इथे लेखणी अडली. नेल्वाने दौत त्यांच्याजवळ सरकवली. मग आन्सेल्मोंनी शेवटचे वाक्य लिहिले: 'लेखकाचे पत्र मिळूनही ते छापले गेले नाही, हा दोष संपूर्णपणे संपादकाचा आहे.' हे एकच वाक्य त्यांनी खोडले नाही.

छापखान्यात कास्तोने कागद दिव्याखाली धरला. "काय डॉक्टर, लेख वारला म्हणायचा! काळी चौकट घालू का?"

"कास्तो, थट्टा नको."

"थट्टा नाही हो. चौकट असली की लोक वाचतात. कोण गेलं ते आधी बघतात. आणि पाठीला डिंक लावून सुटं पानही काढतो, म्हणजे जुन्या अंकात लेखाच्या तोंडावरच चिकटवता येईल. नवा अंक कोण जपून ठेवतंय?"

निवेदन नव्या अंकाच्या पहिल्या पानावर आले, अनुक्रमणिकेतही आले. सभेच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला: जुन्या अंकांतून ती पाने फाडून टाका, विषय संपवा. मी घाबरलो. पण आयुष्यात प्रथमच आन्सेल्मो ताठ उभे राहिले. "फाडणार नाही," ते म्हणाले. "फाडलं तर ज्यानं तो तक्ता भिंतीवर लावलाय, त्याला काय चुकलं ते कळणार कसं?" त्यांनी मला टेबलावर उघडले, काळ्या चौकटीचे पान तोंडाशी चिकटवले, आणि लेखाच्या एकेका पानावर लाल शाईने आडवे लिहिले: मागे घेतला. शाई झोंबली. पण त्यानंतर माझ्या पानांची थरथर थांबली.

मित्रांनो, आता मी म्हातारा आहे, आणि उपदेश करायचा मला काही अधिकार नाही. विनंती मात्र करतो. माझ्यासारखा डाग लागलेला अंक हाती आला तर त्याला फेकू नका, आणि लाल अक्षरे ओलांडून पुढेही जाऊ नका. तुमच्या हातून चूक झाली तर ती जिथे झाली तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात सांगा. आणि कुणी आपली चूक तुम्हाला पत्राने कळवली, तर त्याला वाट पाहायला लावू नका. माणसे थांबत नाहीत हो.

ती लाल शाई वाळली त्या दिवशी आन्सेल्मो मला काखेत घेऊन टपाल कचेरीत गेले. आधी आरोग्यकेंद्रांची पाकिटे दिली. खाणीवरच्या दवाखान्याचे सगळ्यांत वर होते, आणि त्यात त्यांच्या हातचे वेगळे पत्रही होते. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढला.

खिडकीतल्या बाईंनी नाव वाचले. "रेमिहिओ चोके... डॉक्टरसाहेब, हे तर वारले ना?"

"हो."

"घर तर इथून दोन गल्ल्यांवर आहे त्यांचं."

"उत्तर आहे. ते टपालानंच जायला हवं." आन्सेल्मो या वेळी बुटांकडे पाहत नव्हते. "पहिल्या तारखेला दुपारी ते घरी येतील. त्याआधी पोचेल ना?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "मग साधं नका पाठवू. रजिस्टर करा."

त्यांनी शिक्का मारला, आणि लिफाफा थैलीत टाकला.