टाचेखालची फळी

मी एक जुनी फळी आहे. हातभर रुंद, दोन हात लांब, एका टोकाला बशीसारखी खोलगट झिजलेली. मित्रांनो, मला बघून तुम्ही म्हणाल, ही अजून टाकून कशी दिली नाही? म्हणा. मला राग येत नाही. लाकडाला राग येत नाही आणि दुखतही नाही. आयुष्यभर माणसांनी माझ्यावर पाय दिला आणि मी तो ऐकत आले, एवढंच.

फळी होण्याआधी मी एका इमारतीच्या जिन्याची पायरी होते, खालून दुसरी. तिथं मी पायांवरून माणसं ओळखायला शिकले. घाईतला पाय चवड्यावर पडतो, दमलेला टाचेवर. भांडून निघालेला पाय उतरताना दणदण वाजतो आणि परत येताना वाजतच नाही.

इमारत पाडली तेव्हा एका सुताराने मला उचललं. त्याने मला रंधा मारला, पोटाखाली दोन ठोकळे खिळ्यांनी ठोकले आणि त्यांना खालून रबराच्या चकत्या लावल्या. हा सुतार म्हणजे ताईचे बाबा. ताई म्हणजे ती गाणारी बाई. पुढे सगळं गाव तिला ताईच म्हणायला लागलं, म्हणून मीही म्हणते.

ताई तेव्हा एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं येत. यंत्राला खाली एक पायपट्टी होती. टाच दाबली की तापलेलं झाकण चादरीवर बसे, सोडली की वाफ सोडत वर जाई. दिवसभर दाब आणि सोड. त्या ठेक्यावर ती गुणगुणायची. आजीकडून ऐकलेल्या जुन्या चालींवर ती स्वतःचे शब्द बसवायची. घरी येऊन गिटार मांडीवर घेतली तरी टाच चालूच राही, आणि खालच्या मजल्यावरचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकत.

शेवटी बाबांनी मला तिच्या पायाखाली सरकवलं. “तुझा पाय थांबायचा नाही आणि त्यांचा झाडू थांबायचा नाही,” ते म्हणाले. “ही घे आणि दोघांची सुटका कर.”

त्या दिवसापासून तिला एक सवय लागली. गायला बसताना ती उजव्या पायातला बूट काढी, मोजा काढून त्यात कोंबी आणि उघडी टाच माझ्यावर ठेवी. बुटातून लाकूड कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

मग चौघांचा संच जमला. तिचा धाकटा भाऊ, त्याचं नाव बाळ. अंगाने दाराएवढा, आणि वाजवायचा ते उभं बास, म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिनच म्हणा. दोघं शेजारी उभे राहिले की कोण कोणाला वाजवतंय कळत नसे. व्हायोलिन वाजवणारी मुलगी इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणत. आणि बँजो वाजवायला एक शाळामास्तर होते, शाळा सुटली की थेट तालमीला येणारे. ड्रमवाला नव्हता. ड्रम मीच.

सुरुवातीच्या एका कार्यक्रमात वीज गेली. माइक मेले, दिवे गेले आणि चौघं चार दिशांना भरकटले. ताईने गाणं सोडून दिलं आणि नुसती टाच आपटत राहिली. अंधारात आधी बास माझ्यापाशी आलं, मग व्हायोलिन, शेवटी बँजो. दिवे आले तेव्हा सगळे एका जागी होते. ताईने तेव्हापासून नियमच करून टाकला. गाण्यात कोणी कुठेही हरवलं तरी पायाकडे बघायचं. पाय म्हणेल तसं.

मास्तर म्हणाले की त्यांच्या वर्गातही मुलं चुकली की पायाकडेच बघतात.

आमचे बरे दिवस पुष्कळ होते, मित्रांनो. ताईचं लाँड्रीचं गाणं रेडिओवर वाजायला लागलं.

चादर दाब, चादर सोड,
कुणाची झोप, कुणाचा घाम.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिथला माणूस म्हणाला की फळीबिळी ठीक आहे, पण खरा ड्रम घ्या. ताईने मला नुसतं जमिनीवर ठेवलं आणि एक कडवं गायलं. तो उठला, खालचा गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला आणि माझ्या पोटाखाली माइक सरकवला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. त्यात ताई घोट्यापर्यंतच होती आणि मी पूर्ण होते. काडीने तो फोटो आमच्या दौऱ्याच्या गाडीत लावला आणि खाली लिहिलं, ‘आमची मुख्य कलाकार’.

दर दौऱ्याआधी बाबा येत. मला उलटं-सुलटं करून बघत, वर आलेला प्रत्येक खिळा हातोडीने आत बसवत आणि मग अंगठा फिरवून खात्री करत. कोणी हसलं तर म्हणत, “माझी मुलगी इथं उघडा पाय ठेवते.”

एका हिवाळ्यात बाबा गेले.

ताई रडली नाही. गाडीत खिडकीबाहेर बघत बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, जेवायची, गायची. सगळं वेळेवर. कोणीतरी तिच्यातला आवाज कमी करून ठेवल्यासारखी. त्याच सुमारास तिचा पाय बदलला. टाच पडायची, पण आधीसारखी नाही. पूर्वी ती मला शोधत खाली यायची. आता नुसती पडायची, पिशवी खाली ठेवावी तशी. आणि क्षणभर उशिरा.

जिन्यावर इतकी वर्षं काढलेल्या मला ते लगेच कळलं. हा दमलेला पाय नव्हता, दुःखातलाही नव्हता. ज्या पायाला खाली पायरी आहे हेच कळत नाही, तसा तो होता. पण फळीला सांगता येत नाही.

ज्यांना सांगता येत होतं त्यांनी सांगितलं नाही. बाळला पहिल्याच आठवड्यात जाणवलं. गाडीत ताई झोपली असताना तो काडीला हळूच म्हणाला की ठेका ओढला जातोय. काडीला तेच वाटत होतं. मास्तर म्हणाले, वडील गेलेत तिचे, जरा वेळ द्या, येईल आपोआप. आणि नियम तर होताच. पाय म्हणेल तसं. पाय हळू झाला, तसे तिघेही हळू झाले. त्यांना ती माया वाटली, आणि ती मायाच होती.

पण चौघं एकत्र हळू झाले की हळू झालंय हे कळायला कोणी उरत नाही. ताईला सगळं जागच्या जागी ऐकू यायचं. बास टाचेवर, बँजो बासवर. चूक दिसणार कुठून?

एका समीक्षकाने लिहिलं की ताईच्या गाण्यात आता वयाची शांतता आली आहे. काही दिवस सगळे त्याच्यावर खूश होते. मग लोक मधेच उठून जाऊ लागले. लाँड्रीच्या गाण्याला लोक पूर्वी टाळ्यांनी साथ द्यायचे. आता टाळ्या पुढे धावायच्या आणि आम्ही मागून यायचो. ताई कपाळाला आठी घालून म्हणायची, “लोकांना आजकाल ताल म्हणून कळत नाही.” तिघेही मान डोलवायचे. त्यांचे चेहरे मी खालून बघायचे.

बाबा गेल्यापासून माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मला गाडीत टाकायचं, काढायचं, तिच्या पायाखाली सरकवायचं. ओल आणि ऊन खाऊन माझा एक खिळा वर आला होता, बरोबर टाचेच्या खोलगटात.

एका नाट्यगृहात दुपारचा कार्यक्रम होता. ताईने बूट काढला, मोजा कोंबला आणि लाँड्रीचं गाणं सुरू केलं. पहिल्याच ठोक्याला खिळा टाचेत गेला. मला वाटलं, आता ओरडेल. ती गात राहिली. दाब, सोड. दाब, सोड. माझ्या अंगावर काहीतरी कोमट पसरलं. तिने सगळं गाणं म्हटलं, शेवटी हसून वाकली आणि मोजा घालायला पाय उचलला.

काडीने व्हायोलिन खाली ठेवलं. तिने ताईचा दंड धरून तिला विंगेत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बाळ मला उचलून मागोमाग आला.

“ताई, दुखत नाही का गं?” काडी म्हणाली.

“काय दुखायचंय?” ताईने विचारलं. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या टाचेकडे. बराच वेळ बघितलं, दुसऱ्या कोणाची टाच असावी तशी. “हे कधी झालं?”

ती पुढे म्हणाली की तळवा बरेच दिवस सुन्न असतो, गादीवर उभं राहिल्यासारखा. प्रवासाने होत असेल, असं तिला वाटलं होतं. वाटतही होतं की नाही कोण जाणे. त्या दिवसांत तिला सगळंच तसं सुन्न लागायचं, पायाचं वेगळं काय सांगणार?

तेव्हा बाळने सांगितलं. मला छातीशी धरून तो उभा होता आणि भिंतीकडे बघत बोलत होता. गाणी किती हळू झालीत, कधीपासून झालीत, टाळ्या चुकत नव्हत्या, आपण चुकत होतो, सगळं.

“म्हणजे मी चुकत होते,” ताई म्हणाली, “आणि तुम्ही माझ्याबरोबर नीट चुकत होतात.”

“पाय म्हणेल तसं, हे तूच म्हणालीस ना.”

“पाय म्हणेल तसं म्हणाले होते रे. पायाला काही कळेनासं झालं तरी, असं नव्हते म्हणाले.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तर नंतर म्हणाले. ती नुसती बसून राहिली, पट्टी बांधून होईपर्यंत.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की रक्तातल्या साखरेने पायाच्या नसा मेल्या आहेत. आधी कळलं असतं तर इतकं झालं नसतं. आता जपायचं. अनवाणी पाऊल कुठेही टाकायचं नाही. गेलेलं परत येईलच असं सांगता येत नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं, घरी आली आणि पुढचे कार्यक्रम रद्द करायला सांगितले. संच मोडला असं कोणी म्हटलं नाही. पण गाडी विकायची का, असं बाळने एकदा विचारलं आणि ताई म्हणाली, बघू.

मी मागच्या गच्चीत गेले. माझ्यावर कुंड्या आल्या. कुंड्यांना पाय नसतात. त्यांच्याकडून ऐकण्यासारखं काही नसतं. पाणी झिरपायचं, माती साचायची. किती काळ गेला मी मोजलं नाही.

मग एका सकाळी काडी आली. तिने आमची पहिली तबकडी लावली. गच्चीचं दार उघडं होतं, त्यामुळे मलाही ऐकू आलं. लाँड्रीचं गाणं. किती भरभर होतं ते. ताईने ते संपेपर्यंत ऐकलं.

“ही कोण बाई इतकी घाईत आहे?” ती म्हणाली. काडी हसली. मग ताई म्हणाली, “ती फळी कुठाय?”

बाळने कुंड्या उचलल्या, मला धुतलं, वाळवलं आणि बाबांच्या पेटीतली हातोडी आणली. प्रत्येक खिळा बसवला आणि अंगठा फिरवून बघितला. मास्तरांना बोलावणं गेलं. ताई खुर्चीवर बसली, दोन्ही पायांत जाड बूट. माझ्या चांगल्या टोकावर बाळने आपली भलीमोठी टाच ठेवली.

“आता मी तुझ्यामागून यायचं,” ताई म्हणाली. “आणि मी ओढायला लागले तर तिथल्या तिथं सांगायचं. लोकांसमोर असलो तरी. माया नंतर करा.”

बाळने ठेका धरला. त्याचा पाय जड आणि घाबरलेला होता, पण जागा होता. ताई पहिल्या ओळीला मागे पडली. “ताई, मागे,” काडी म्हणाली. ती परत सुरू झाली. परत मागे पडली. तिसऱ्या खेपेला तिने गिटार थांबवली आणि बुटासकट उजवा पाय माझ्या झिजलेल्या टोकावर ठेवला. वाजवायला नाही, नुसता ठेवला.

बाळ ठोकत राहिला. ठोका माझ्यातून त्या टोकाला गेला. बुटात शिरला, टाचेत शिरला. टाचेने तो घेतला नाही. तो वर गेला, घोट्याच्या वर.

“पोटरीत येतंय,” ताई हळूच म्हणाली.

मग ती गायली. त्या पहिल्या तबकडीइतकं भरभर नाही, पण टाळ्यांना गाठता येईल इतकं.

मित्रांनो, मी आता पुन्हा कामावर आहे. ताईचा तळवा अजून सुन्नच आहे. माझं सांगणं एवढंच. ज्या वस्तूवर कोणी उघडा पाय ठेवतं, तिच्यावरून अधूनमधून अंगठा फिरवून बघा. आणि ज्या माणसाच्या ठेक्यावर तुम्ही चालता तो मागे पडताना दिसला, तर त्याच्यासोबत गुपचूप मागे पडू नका. त्याला सांगा. हळू आवाजात सांगितलं तरी चालेल.