शकुबाईंचा ठराव

आसगावच्या हौशी जलतरण मंडळाच्या पाच जणांच्या कार्यकारिणीत शकुबाई एकट्याच बाई. मंडळ काढणारे त्यांचे पती मारोतराव वारले, तेव्हा त्यांची जागा मानाने शकुबाईंना दिली. मान एवढाच, की बैठकीला बसावं आणि सही करावी. शकुबाई मात्र कामाला लागल्या. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर गावतलावात पोहण्याची शर्यत व्हायची. त्या वेळी पाण्यात सोबतीला दोन डोंगे, लहान होड्या, हवेतच, हे त्यांनीच लावून धरलं.

१९७९ची शर्यत पंधरा दिवसांवर आली, तेव्हा त्यांनी ठराव मांडला : यंदा बायकांचीही शर्यत.

सचिव कृष्णराव हसले. "बाया तलावात पोहतीन? लोक काय म्हनतीन, वयनी?"

"रोज तलावावर धुनं धुतो, तवा लोक पायतेतच. तवा कोनी काई म्हनत नाई."

तेजराम गुरुजी शकुबाईंच्या बाजूने झाले, कवडू कृष्णरावांच्या. अध्यक्ष पुंडलिकरावांनी मत राखून ठेवलं. मग कृष्णरावांनी अट घातली. "ठराव पाहिजे त आधी एका तरी बाईनं कमेटीसमोर तलाव पार करून दाखवाचा. हाये का अशी कोनी बाई?"

"हाये. मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर सारं गाव जमलं. सेहेचाळीस वर्षांच्या शकुबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि पाण्यात शिरल्या. माहेरी, दिघोरीला, म्हशीची शेपटी धरून त्या पोहायला शिकल्या होत्या. पण एवढं अंतर वीस वर्षांत कापलं नव्हतं. पाणी बर्फासारखं. मध्यावर दम उखडला. सोबतच्या डोंगेवाल्याने बांबू पुढे केला, "धरा, बाई!"

बांबू धरला की संपलं. त्या उताण्या झाल्या, आभाळाकडे बघत श्वास घेत राहिल्या. पाळीवरून कोणीतरी ओरडत धावत होतं.

"वयनी, डाव्या अंगानं या! उजवीकडं गाळ हाये!"

कृष्णरावच होते ते. धोतर सावरत, बोटाने वाट दाखवत पळत होते.

शकुबाई डावीकडे वळल्या. शेवटचे हात कसे मारले ते त्यांनाही कळलं नाही. पायाला दगड लागला, त्या उभ्या राहिल्या आणि पाळीवर एकच कल्लोळ झाला. पुंडलिकरावांनी तिथेच हात वर केला. "माहं मत वयनीले. ठराव मंजूर!"

शर्यतीला अकरा बायकांनी नावं दिली. त्यात कृष्णरावांची सून रुखमिणीही होती. सासऱ्यांना न विचारता नाव देऊन आली होती. कृष्णरावांनी यादी वाचली, सुनेच्या नावाशी थांबले आणि पुढे वाचू लागले.

सव्वीस जानेवारीला पहिली आली रुखमिणी. शकुबाई चौथ्या. ओल्या लुगड्यानेच त्यांनी कार्यकारिणीच्या वतीने रुखमिणीच्या हातात पितळेची ढाल दिली, आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या कृष्णरावांनी वाजवल्या.