अंगठ्याचा ठिपका

तुमच्या पाठीवर कुणी बोटाने चित्र काढतंय, असं जरा मनात आणा. वळून बघायचं नाही. बोट कुठून कुठे चाललंय ते नुसतं कातडीने ऐकायचं आणि शेवटी ओळखायचं, मांजर की विहीर? हट्टा गावच्या सोनाजीला हे छान जमायचं, कारण त्याची पाठ हीच त्याच्या लेकीची पाटी होती.

लेक सृष्टी, पाच वर्षांची. अंगणवाडीतून मिळालेला कागद ती आईच्या, पुजाच्या, हातात तसाच कोरा आणून द्यायची. बाकी तिने काही सोडलं नव्हतं. कोळशाने उंबरा, ओल्या हळकुंडाने बारदान, गव्हाच्या कोठीवरची धूळ, बसलेल्या म्हशीचं पोट. चित्र झालं की त्याच्याखाली अंगठा दाबायचा. अंगठा म्हणजे, झालं, आता वळख.

“कागदावर काहून काढत न्हाईस गं?” पुजा वैतागायची.

“कागद गपच बसतो.”

“आन् म्हैस काय बोलती?”

“शेपूट हाणती की!”

सोनाजी हसत सदरा वर करायचा आणि तिच्यापुढे पाठ करून बसायचा. पहिल्यांदा मुद्दाम चुकायचा. मग ती तळहाताने पाठ पुसून पुन्हा काढायची, आणि दुसऱ्यांदा तो बरोबर सांगायचा.

भाद्रपदात हळद कमरेएवढी वाढली होती. त्या सकाळी सोनाजी गवत काढायला वावरात गेला, तेव्हा पुजा चुलीपाशी होती. तिने मान वर करून पाहिलंही नाही. दाट पानांत त्याला साप दिसला नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पाणी दे, पोरीला सांभाळ, असा एक शब्दही पुजाच्या वाट्याला आला नाही.

अग्नी दिल्यावर संध्याकाळी सोनाजीच्या आईने, नर्मदाबाईंनी, रीतीप्रमाणे लेकाला निजवलं होतं त्या जागी जोंधळ्याचं पीठ पसरलं. हाताने सारखं केलं, शेजारी दिवा ठेवला आणि पिठावर दुरडी पालथी घातली. गेलेला माणूस पुढे कोणत्या जन्माला गेला, त्याची खूण पिठावर उमटते, अशी समजूत.

“तुझा पप्पा येतो आन् खूण ठिवून जातो,” त्यांनी नातीला सांगितलं. “दुरडीला हात लावायचा न्हाई, बरं का.”

पुजाचा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. पण आता तिला तेवढंच हवं होतं. काही न बोलता गेलेल्या माणसाची एक रेघ.

सकाळी भावकीतल्या बाया जमल्या. नर्मदाबाईंनी दुरडी उचलली.

“पाखराचं पाऊल!” शेजारची मिराबाई ओरडली. “बघा, तीन बोटं उमटलीत. सोनाजी पाखरू झाला!”

नर्मदाबाईंनी पदरात तोंड लपवलं. “उडालं माझं लेकरू. मोकळं झालं.”

पुजा खाली वाकली. तीन रेघा, त्यांना जोडणारा एक दांडा. तिचा ऊर भरून आला. मग दिव्याच्या सावलीत, रेघांच्या खाली, तिला तो दिसला. इवलासा, नीट दाबलेला अंगठ्याचा ठिपका.

कुणी आलंच नव्हतं.

तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच त्या तोंडावर थोडा विसावा होता.

“व्हय, आत्याबाई,” पुजा म्हणाली. “पाखरूच हाय.” आणि कुणाच्या नकळत ठिपक्यावरून बोट फिरवलं.

बाया पांगल्यावर ती परसात जाऊन उभी राहिली. सृष्टी मागून येऊन तिच्या पायांना बिलगली. तिच्या नखांत अजून पीठ होतं.

“मम्मी, पप्पांनी वळखलं का?”

“काय?”

“मी काढलेलं. ते येणार हाईत, असं आजी म्हणली ना? सगळ्या पाखरू पाखरू करून राहिल्या. पाखरू न्हाई ते, हळद हाय. पप्पांनी बराबर वळखलं असंल. काय म्हणले?”

पुजा धुण्याच्या दगडावर बसली, लेकीकडे पाठ केली आणि पदर बाजूला घेतला.

“माझ्या पाठीवर काढ.”

बोट टेकलं. वर गेलं, वळलं, थांबलं, पुन्हा खाली आलं. पुजा जीव एकवटून ऐकत राहिली. मग अंगठा दाबला गेला.

“विहीर?”

“न्हाई.”

“मग म्हैस?”

“न्हाई गं.” मागचा आवाज बारीक झाला. “तुला येत न्हाई. पप्पांना येत व्हतं.”

पुजाने श्वास धरला. रडू फुटलं तर पाठ हलेल, आणि पाठ हलली तर पोरगी उठून जाईल, असं तिला वाटलं.

सृष्टीने तळहाताने आईची पाठ पुसली, आणि पुन्हा पहिल्यापासून, या वेळी सावकाश, काढायला लागली.