रक्त ओकणारा खांब

मांडणीतल्या कपबश्या किणकिणल्या. दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज. मग पुन्हा किणकिण. इमारतींच्या खांबांची गणितं मांडणं हाच तिचा धंदा, त्यामुळे काय ते तिला लगेच उमगलं. खाली कुणीतरी खांबावर घाव घालत होतं. मुलीला कडेवर घेऊन ती जिन्यानं धावली.

खाली गाड्या लावायच्या जागेत सगळी इमारत लोटली होती. मधल्या खांबाशी इस्त्रीवाली मावशी. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. दोघांनी तिचे दंड धरले होते. त्यातला एक हिचाच नवरा, कडेवरच्या मुलीचा बाप.

"भिंतींना तडे जातात ते उगाच?" तड्यांवर उपाय करायला बोलावलेले महाराज छिन्नी नाचवत गरजले. "या बाईनं खांबात करणी पुरलीय! बघा, कशी रक्त ओकते!"

खांबाचा टवका उडाला. फुटल्या जागी तांब्यातलं पिवळं तीर्थ पडलं आणि जखम लालभडक झाली. बायका किंचाळल्या. कुणाच्या तरी कमरेचा पट्टा पुन्हा मावशीच्या पाठीवर कडाडला.

"आणि कोपऱ्यातला तो खांब, महाराज?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

तिथंही टवका, तिथंही तीर्थ. पिवळं ते पिवळंच राहिलं.

"तो शांत, पुण्यवान! त्याच्या आसऱ्याला पोरंबाळं निजवा. हा मात्र मुळापासून फोडायचा!"

"खबरदार, फोडाल तर!" ती मध्ये घुसली.

दिरानं तिचा हात पिरगाळला. "वहिनी, वर जा. इथं तुमची पुस्तकं नाही चालायची."

"भाऊजी, हा खांब गेला तर वरची घरं तुमच्या टाळक्यात येतील!"

कुणीतरी विटेचा तुकडा भिरकावला. मुलीचं डोकं तिनं छातीशी दाबलं. तुकडा तिच्याच कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, तरी तिनं महाराजांचा तांब्या हिसकावला आणि फाटकाजवळच्या नव्या काँक्रीटच्या फुटक्या कडेवर ओतला.

लालभडक!

"का हो, मावशीनं फाटकातही करणी पुरली का?"

माणसं वाकून फाटकाची लाल कड बघू लागली.

"ही साधी हळद आहे. सिमेंटमध्ये चुना असतो. निरोगी काँक्रीट फोडून हळद ओतली की ते लाल होणारच. तोच चुना आतल्या सळ्यांना गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवा लागून त्याचा जोर गेला की हळद पिवळीच राहते आणि सळई कुजते." कोपऱ्यातल्या 'पुण्यवान' खांबाचा पोपडा तिनं नुसत्या बोटांनी ओढला. आतल्या सळईचे गंजून पापुद्रे सुटले होते. "तडे यानं जाताहेत. धडधाकट खांब फोडत होतात, आणि मरायला टेकलेल्याच्या उशाशी पोरं निजवणार होतात!"

महाराज फाटकाकडे सटकले. मावशीवर उठलेला पट्टा आता त्यांच्यावर उठला.

"त्यांनाही मारू नका! पोलिसांना बोलवा. स्लॅबला टेकू लावा, त्या बाजूची घरं आत्ताच्या आत्ता रिकामी करा. आणि यापुढे हात उचलायच्या आधी एवढं तरी विचारा, की हे कशानं झालं!"

उगारलेला पट्टा न मारताच खाली आला. नवरा पाण्याचा पेला घेऊन मावशीपुढे वाकला. तिनं अंग चोरलं, दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

मुलीनं आईच्या कुशीतून मान वर काढली.

"आई, बाबांनी मावशीला का धरलं होतं?"