भुरीची उडी

गेल्या हिवाळ्यापर्यंत गुणाबाईंची भुरी एका उडीत धानाच्या ढोलीवर चढायची. ढोली बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या खांद्याइतकी उंच. वर बसून ती उंदरांवर लक्ष ठेवी. या जानेवारीत मी गुणाबाईंचा रक्तदाब तपासायला गेले, तेव्हा मांजर ढोलीच्या पायथ्याशी होती. तिनं वर पाहिलं, मागचे पाय दुमडले आणि उडी न मारताच पुन्हा बसली.

"आळशी झाली," गुणाबाई म्हणाल्या. "माह्यावानी म्हातारी."

मी उपकेंद्रात परिचारिका आहे. कुठे दुखतं, हे विचारायची मला सवय. भुरीला विचारता येत नव्हतं, म्हणून बघत राहिले. कमरेवरच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, म्हणजे वळून तिथे चाटणं तिला जमत नव्हतं. डोळे बारीक, कान बाजूला पडलेले. कमरेला हात लावताच ती शेपूट आपटून सरकली.

"बाई, हिला दुखतंय."

"दुखते त वरडली नसती? घुरघुर करून राह्यली ना मजेत."

"दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं."

गुणाबाईंनी भुरीकडे जरा वेळ पाहिलं. "मंग दे औषध. लेकरायले देतेस तसं."

मलाही तेच सुचलं होतं. सोबत आणलेल्या बाळांच्या वजनकाट्याच्या झोळीत भुरीला टांगलं. तीन किलो दोनशे. त्यावरून पॅरासिटामॉलच्या सिरपचा हिशोब केला: दोन मिलीलीटरला किंचित कमी. हिशोब बरोबर होता. पण मांजरासाठीचा डोस मी कुठेच वाचलेला नव्हता.

"लेकराले झटकन देतेस. मांजरीले काऊन इचार?"

रेंज अंगणातच मिळते. मी बाहेर जाऊन पोंभुर्ण्याचे पशुवैद्य धम्मदीप यांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पाच मिनिटांनी त्यांचाच आला. मी औषधाचं नाव सांगितलं.

"दिलं का?"

"नाही."

"देऊ नका. मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही. रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. एका गोळीनंही जीव जातो."

आत आले तर भुरीसमोर दुधाची बशी होती. शेजारी गुणाबाईंच्या गुडघ्यांसाठी मीच दिलेलं पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचं पाकीट, एक खण रिकामा.

"तू बाहेर गेली, मंग मीच कुटून टाकली. तेच औषध ना?"

मी बशी उचलली. "तोंड लावलं का हिनं?"

"कुठी लावते! वास घेतला न तोंड फिरवलं. नखरे हायेत."

दूध काठापर्यंत होतं. भुरीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबीच होत्या, निळसर पडल्या नव्हत्या. मग मी गुणाबाईंना सगळं सांगितलं. दूध त्यांनी स्वतः परसात खड्डा करून त्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी भुरीला टोपलीत घालून पोंभुर्ण्याला नेलं. कमरेचे सांधे झिजले होते. डॉक्टरांनी रक्त तपासून मांजरासाठीचं पातळ औषध दिलं, जेवणानंतर मोजून थेंब. ढोलीशी पायरी करा, असंही म्हणाले. गुणाबाईंनी घमेलं उलटं घालून त्यावर लाकडी पेटी ठेवली. नवव्या दिवशी भुरी तीन टप्प्यांत वर गेली.

गुणाबाईंना वाचता येत नाही. म्हणून त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी मांजर काढलं आणि त्यावर लाल फुली मारली.

त्यांनी पाकीट उजेडात धरलं. "हे मांजर हाय? मले त वाघ वाटते."

"वाघालाही देऊ नका, बाई."